खुब्यातला वाघ्या

माझ्या सासऱ्यांनी जगातल्या यच्चयावत माणसांची दोन गटांत वाटणी केलेली आहे. ज्यांचा वाघ्या जागा आहे ते, आणि ज्यांचा वाघ्या झोपलेला आहे ते. शिक्षण, पगार, घराणं या गोष्टी त्यांच्या लेखी मागाहून येतात. वाघ्या हा मुळात त्यांच्या मेंढरांबरोबर राहणारा एक कुत्रा. तो जाऊन जमाना झाला; पण गेल्या वर्षापासून तो प्रत्येक माणसाच्या खुब्यात, म्हणजे कंबरेच्या खाली आणि मांडीच्या वर, मुक्कामाला आला आहे असं मामांचं ठाम मत आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. हे मत त्यांनी पडेगावातल्या आमच्या सगळ्या गल्लीच्या गळी उतरवलं आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाणी नंतर मिळतं. आधी मामा त्याला खोलीच्या मधोमध उभा करतात, गुडघे न वाकवता खाली वाकायला लावतात, आणि त्याची बोटं पायावर कुठवर पोचली ते चष्मा सारखा करून बघतात. बोटं गुडघ्याशीच अडली तर मामा हळहळतात, आणि पाहुणा ज्या कामासाठी आलेला असतो ते काम त्यानंतर कुणालाच आठवत नाही.

मामांचं सगळं आयुष्य पाचोडजवळच्या वस्तीवर मेंढरांमागे गेलं. बसणं हा प्रकार त्यांना फारसा ठाऊकच नव्हता. बोलायचे ते काठीवर हनुवटी टेकून, उभ्यानं. जेवायचे ते उकिडवे, अर्धं लक्ष मेंढरांकडे ठेवून. माणसं मोजायची सवय तर अजून गेलेली नाही. कुठल्याही समारंभाला गेलं की निघताना ते दारात उभे राहून आम्हाला मोजतात. लासूर स्टेशनला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा एक माणूस कमी भरला, म्हणून मामांनी मुलाकडच्या एका आजीबाईंना हाताला धरून आमच्या जीपमध्ये बसवलं. इतक्या अधिकारानं कुणी बसवल्यावर आजीबाईही मुकाट्यानं बसल्या. कमी भरला होता तो माझा नवरा. तो अजून पंगतीत जिलब्या खात होता. आजीबाईंना परत उतरवून देताना मामांनी त्यांची माफी मागितली नाही, उलट इथल्या लोकांना स्वतःची माणसं सांभाळता येत नाहीत म्हणून मुलाच्या बापाला चार शब्द सुनावले.

सासूबाई गेल्या आणि आम्ही मामांना आग्रहानं आमच्याकडे आणलं. मेंढरं त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्या नानांकडे राहिली. इथं आल्यावर मामांची सोफ्याशी गाठ पडली. सुरुवातीला त्यांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं, गादीत बोट खुपसून पाहिलं. मग एका दुपारी कुस्त्या बघायला म्हणून जरा टेकले, आणि ते जे टेकले ते वर्षभर उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. कुस्त्या संपल्या की बातम्या, बातम्या संपल्या की पनीरच्या भाज्या कशा करायच्या ते. जन्मात पनीर तोंडात न घातलेला हा माणूस मला मीठ कधी घालायचं ते सांगायला लागला. सोफ्याच्या त्या कोपऱ्यात मामांच्या मापाचा खड्डा पडला. आम्हाला वाटलं, बरं झालं, आयुष्यभर उन्हातान्हात पायपीट केली, आता बसू दे सुखानं. त्यांच्या मांड्यांच्या मागच्या शिरा आतल्या आत लाकडासारख्या होत चालल्या आहेत हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते कळलं मेंढरं कातरायच्या दिवशी. दिवाळी उलटली की वस्तीवर लोकर कातरतात, आणि मामांच्या घराण्यात त्या दिवसाची एक रीत आहे. बाकीच्या मेंढरांना आडवं पाडून, पाय बांधून कातरलं तरी चालतं; पण कळपातला थोरला मेंढा आडवा पाडायचा नाही. त्याचा मान असा की तो उभा राहतो, आणि त्याला कातरणारा घरातला थोरला माणूसही उभाच राहतो. बसायचं नाही, गुडघा भुईला लावायचा नाही. कंबरेतून वाकायचं आणि पाठीपासून पोटाखालपर्यंत सगळी लोकर उतरवायची. ती लोकर घरच्या बाईच्या पदरात पडते. गुडघा टेकला की कातर घरातल्या पुढच्या माणसाच्या हातात जाते, आणि गेली की परत येत नाही. मामांच्या वडलांच्या हातातून ती अशीच मामांकडे आली होती. मागच्या वर्षी मामा वाकले, पाठ उरकून पोटाशी आले, मांडीमागं काहीतरी टचकन ओढलं आणि गुडघा टेकला. नुसता टेकला आणि उचलला. नानांनी पटकन वर पाहिलं, जसं काही आभाळात ढगच दाटले आहेत. बाकीचे कुणी बिडी शोधायला लागले, कुणी कुत्र्याला हाकलायला लागले. कुणी पाहिलं नाही म्हणजे टेकला नाही, असा निकाल एक शब्दही न बोलता लागला. ही सवलत एकदाच, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मामांना सगळ्यांहून जास्त. त्यांनी मेंढा पुरा कातरला, पण लोकर तिथंच टाकून दिली. मी उचलायला गेले तर म्हणाले, "ठेव ती. गुडघा टेकून काढलेली लोकर घरी न्यायची नाय." येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की घरी येऊन मी विनाकारण नवऱ्याशी भांडले.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी पायांना ताणायला घेतलं. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली असते, ती ओढून ताणून मऊ करावी लागते. तेव्हा पायही तसाच मऊ होणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. घरात जिथं म्हणून पाय ठेवता येईल तिथं मामांचा पाय दिसू लागला. खिडकीत पाय, स्कूटरच्या सीटवर पाय, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय. दाराच्या चौकटीला टाच लावून ते उताणे पडत, आणि गॅसचा सिलेंडर घेऊन येणाऱ्या माणसाला त्यांच्या पायाखालून वाकून आत यावं लागे. शेजारचे भाईजान शिलाईकाम करतात. त्यांच्या कंपाऊंडच्या भिंतीवर सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगेत मामांचा एक पाय असायचाच. शेवटी भाईजान गळ्यात टेप अडकवून बाहेर आले आणि म्हणाले, "चाचा, इत्का वेळ ठिवलाच हाय तर माप घिऊन टाकतो." मामा तेवढ्यापुरते हसले, पण पाय काही काढला नाही. इतकं करून शिरा जास्तच आखडत गेल्या. होळीच्या सुमाराला तर खाली पडलेला रिमोट ते झाडाचा पाला ओढायच्या आकडीनं ओढून घेऊ लागले, तेव्हा मी ऐकलं नाही आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं व्यायाम शिकवणारी मुलगी होती ती जेमतेम माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मामांना पालथं झोपवलं, गुडघा दुमडायला लावला आणि मांडी वर उचला म्हणाली. मामांनी जोर केला आणि मांडीमागं असा गोळा आला की त्यांच्या तोंडून नानांच्या नावानं एक शिवी निघाली, जिच्याशी नानांचा काही संबंध नव्हता. मुलीनं खुब्याच्या मागच्या बाजूला अंगठा दाबून पाहिला. तिथला मोठा स्नायू जागचा हललासुद्धा नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, ही मागची शीर नुसती आखडलेली नाही, ती दमलेली आहे. खुब्यानं करायचं काम तो करत नाही, म्हणून ही एकटी सगळा भार ओढते. तिला आणखी ताणू नका. खुब्यात ताकद आणा, मग ही आपोआप सैल सोडेल." मामांना ते अजिबात आवडलं नाही. उभ्या जन्मात त्यांच्या अंगातल्या कुठल्या भागाला कामचुकार असं कुणी म्हटलं नव्हतं.

बाहेर बाकावर बसल्यावर ते मांडीची मागची बाजू चोळत राहिले. मग एकदम म्हणाले, "पोरी, आपल्याकडं दोन कुत्री व्हती. वाघ्या आन् राजा. वाघ्या लई धिप्पाड, पण नुसता लोळायचा. राजा एवढुसा, त्यो एकटाच समद्या मेंढरांच्या भवती पळायचा. सांजच्याला त्याचं अंग लाकडावानी व्हायचं. म्या येडा राजाचंच अंग चोळीत बसायचो."

"मग काय करायला पाहिजे होतं?" मी विचारलं.

"वाघ्याला उठवाया पायजे व्हतं," मामा म्हणाले, आणि आत जाऊन त्या मुलीला म्हणाले, दाखव तुझा व्यायाम.

त्या दिवसापासून आमच्या घरात वाघ्याचं राज्य सुरू झालं. सोफ्याचा पुन्हा मोह होऊ नये म्हणून मामांनी त्यावर माझी वाळवणाची परात ठेवून दिली. मग आमच्यापैकीही कुणाला बसता येईना. पहाटे गच्चीवर सतरंजी टाकून ते उताणे झोपत, गुडघे दुमडून कंबर वर उचलत आणि वरच्या वर धरून ठेवत. मुलीनं त्याला पूल म्हणतात असं सांगितलं होतं. पूल उचलताना ते मेंढरं हाकायच्या आवाजात "ऊठ रं वाघ्या" असं ओरडत, आणि पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं उडून जात. दुसरा व्यायाम कुशीवर झोपून, पावलं जुळवून, वरचा गुडघा उघडायचा. मुलगी त्याला शिंपला म्हणायची. मामांनी शिंपला कधी पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी त्याचं नाव कोंबडीचा पंख असं ठेवलं, आणि तेच जास्त बरोबर आहे असं तिलाही पटवलं. तिसरा व्यायाम सगळ्यांत प्रेक्षणीय. गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा अडकवायचा आणि आडवं चालायचं. दवाखान्यातला गुलाबी पट्टा मामांनी बघितला आणि परत दिला. सायकलची जुनी ट्यूब कापून, गाठ मारून त्यांनी आपली सोय केली, आणि ती धोतरावरून चढवून ते दूध आणायला निघाले. तोंड लांबच्या किल्ल्याकडं आणि चाल डेअरीकडं असा एक फेटेवाला म्हातारा गल्लीतून आडवा चालला आहे, हातात बरणी आहे, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला तो न थांबता रामराम करतो आहे, हे दृश्य पहिल्या आठवड्यात लोकांनी मोबाइलवर टिपून घेतलं. पुढं पुढं त्यांच्या मागं दोघं-तिघं आडवे चालायला लागले. भाईजान त्यांतले पहिले. मशीनवर बसून त्यांचेही पाय मागून ओढायचे. आता ते काज करताना एका पायावर उभे असतात आणि गिऱ्हाईक आलं तरी पाय बदलल्याशिवाय बोलत नाहीत.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. माझ्या नणंदेच्या मुलीला बघायला स्थळ आलं. मुलगा दिसायला देखणा, बोलायला नम्र, नोकरी चांगली. पोह्यांच्या बशा हातात आल्या, आणि मामा म्हणाले, "पावणं, जरा उभं ऱ्हा. वाका बघू." नणंदेनं डोळे मिटून घेतले. मुलानं बशी खाली ठेवली, आपल्या आईकडे पाहिलं आणि वाकला. बोटं गुडघ्यांच्या जराशीच खाली गेली. मामांनी मुलीच्या बापाला सगळ्यांसमोर सांगितलं, पोरगं गुणी आहे, फक्त याचा वाघ्या झोपलाय, तो लग्नाआधी उठवून घेऊ. लग्न ठरलं. पोरगाही असा भला की साखरपुड्याला आला तेव्हा कुणी न सांगता उभा राहिला आणि वाकून दाखवलं, आणि बोटं नडगीच्या बरीच खाली गेली. मामांना त्या दिवशी जो आनंद झाला तो त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात झाला नव्हता, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. दवाखान्यातली ती मुलगीसुद्धा हल्ली दुसऱ्या पेशंटना वाघ्याचीच गोष्ट सांगते. मी मामांबरोबर गेले होते तेव्हा एका धिप्पाड पोलिसाला ती विचारत होती, तुमचा वाघ्या उठला का, आणि पोलीस ओशाळून अजून नाही म्हणाला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सरकारनंच त्यांचा सत्कार केला आहे. मलाही अभिमान वाटला, कशाला खोटं बोलू.

पावसाळ्यात त्यांची बोटं घोट्यांपर्यंत पोचली. मांडीमागची ओढ गेली म्हणायचे. पण एका दुपारी मी वाळवण काढायला गच्चीवर गेले तर मामांनी दोन उशा आणि गोधडी दोरीनं बांधून स्टुलावर मेंढ्याएवढा गठ्ठा उभा केला होता, आणि वाकून, हातात कातर नसताना, ते तो गठ्ठा कातरत होते. पाठ झाली, कूस झाली, पोटाखाली हात गेला. तिथं येऊन ते थांबले आणि उजव्या गुडघ्याकडे बघत राहिले. मी जिन्यातूनच मागं फिरले. ज्या माणसानं गल्लीला हसवलं, पाहुण्यांना वाकवलं, त्याच्या मनात तो गुडघा वर्षभर टेकलेलाच होता. त्या रात्री मी देवाजवळ दिवा लावला तेव्हा मुलांच्या परीक्षेसाठीसुद्धा मागत नाही तसं काहीतरी मागितलं.

दिवाळीनंतर आम्ही वस्तीवर गेलो. आदल्या दिवशी मेंढरं धुऊन घेतली होती, थोरला मेंढा उन्हात काळाभोर दिसत होता. नानांनी त्याची शिंगं धरली. मामांनी फेटा सारखा केला, कातर कपाळाला लावली आणि ते वाकले. आधीसारखे नाही, हे मला लगेच दिसलं. पूर्वी ते पाठीतून झुकत. आता त्यांनी खुबे मागं नेले, पाय भक्कम रोवले आणि मग अंग खाली आलं. पाठ झाली. लोकर एका बाजूनं चादरीसारखी खाली लोंबली. कूस झाली. पोटाखाली हात गेला आणि मेंढ्यानं अंग झाडलं. मामा थांबले. गेल्या वर्षी आभाळ बघणारे सगळे या वर्षी गुडघ्याकडेच बघत होते, आणि मी माझ्या नकळत पुटपुटले, ऊठ रं वाघ्या. मामांनी तसंच वाकलेलं राहून खुबे आणखी जरा मागं घेतले, श्वास सोडला, आणि कातर पुन्हा चालू झाली. शेवटचा झुबका खाली पडला तेव्हा ते सरळ झाले. कपाळावरून घाम ओघळत होता आणि दोन्ही गुडघे कोरडे, धुळीचा कणही नसलेले होते. आमचे लोक टाळ्या वगैरे वाजवत नाहीत. एका म्हाताऱ्यानं नुसतं "व्हय" म्हटलं, आणि त्यात सगळं आलं.

मग मामा नानांकडे वळले आणि म्हणाले, वाक बघू. मोठे बंधू सांगतात म्हणून नाना वाकले. बोटं गुडघ्यांवरच अडकली. मामांनी त्यांना उभं केलं आणि कातर त्यांच्या हातात दिली. नाना घेईनात. दादा, तुमचा गुडघा टेकला नाही, मग कसं, असं म्हणत ते मागं सरकले. मामांनी त्यांच्या मुठीत ती घट्ट बसवली, मग पिशवीतून सायकलची ट्यूब काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. "तुझा वाघ्या झोपलाय," ते म्हणाले. "वरीस हाय तुला. ऐतवारच्या ऐतवारी पडेगावला येत जा." नाना हसता हसता डोळे पुसायला लागले. मला मात्र धक्का बसला. वर्षभर ज्या कातरीसाठी हा माणूस गल्लीतून आडवा चालला, ती त्यानं मिळवल्या दिवशीच देऊन टाकली.

संध्याकाळी आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. मी न राहवून विचारलं, मामा, मग दिली कशाला. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "माझ्या हातातनं कुणी घेतली नाय, पोरी. म्या दिली." आणि खांद्यावरच्या उपरण्याची गाठ सोडून त्यांनी त्यातला काळा गठ्ठा पुढं केला. थोरल्या मेंढ्याची लोकर होती. ती उपरण्यात कधी बांधली ते मी पाहिलंच नव्हतं. मी पदर पसरला. मला सूत कातता येत नाही, चाती हातात कशी धरायची तेही येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण सासूबाई काय करायच्या ते मी इतक्यांदा ऐकलेलं होतं, की मी ती लोकर नाकाजवळ नेऊन हुंगली. उन्हाचा, ओढ्याच्या पाण्याचा आणि मेंढराचा वास येत होता. "चांगली आहे," मी म्हणाले.

"ती बी एवढंच म्हणायची," मामा म्हणाले. मग एसटी येईपर्यंत ते रस्त्याच्या कडेनं, ट्यूब नसलेल्या पायांनी, आडवे चालत राहिले.